पदक कुठल्या बाजूला होतं

२ फेब्रुवारी

नवा सिनेमा, म्हणून नव्या वह्या. एक कामाची, एक ही. कामाच्या वहीत मी इतरांच्या चुका लिहितो. हिच्यात स्वतःची प्रगती लिहायची आहे, त्यामुळे हीच आधी भरेल असा अंदाज.

माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे काय, हे बायकोच्या माहेरी अजून कोणाला कळलेलं नाही. सिनेमा सलग शूट होत नाही. माणूस आज दारातून बाहेर पडतो आणि पुढच्या महिन्यात रस्त्यावर येतो. मधल्या काळात त्याचा शर्ट, पिशवी, दाढी, हातावरची पट्टी, सगळं होतं तसंच राहिलं पाहिजे. ते राहतंय की नाही हे बघणारा माणूस मी. युनिटमध्ये मला वहीवाले म्हणतात. आदरानंच म्हणतात.

संकल्प: रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. कोणावर चिडायचं नाही. कामाच्या जॅकेटचं (नऊ खिसे, एकेका खिशात एकेक रंगाचं पेन) दुसरं बटण लोंबतंय, ते आज स्वतः लावायचं. प्रत्येक गोष्ट बायकोवर टाकणारे नवरे मला आवडत नाहीत.

३ फेब्रुवारी

सुई सापडली, दोरा सापडला नाही. उद्या.

५ फेब्रुवारी

स्क्रिप्ट वाचून झालं. जुन्या काळची गोष्ट आहे. लष्करी छावणी, एक तरुण लेफ्टनंट. दारूगोळ्याच्या कोठाराचं कुलूप उघडं राहतं, स्फोट होतो, माणसं मरतात. कुलूप उघडं टाकलेलं असतं मेजरनं. पण पहाऱ्याच्या नोंदवहीत नंतर हळूच एक ओळ घुसवतात, की किल्ली लेफ्टनंटकडे होती. लष्करी कोर्ट बसतं. दोषी. अख्ख्या पलटणीसमोर त्याच्या कोटाची बटणं तोडतात, छातीवरचं पदक उपटतात, तलवार गुडघ्यावर मोडतात. पुढे नऊ वर्षं कोठडी. आणि नोंदवही सांभाळणाऱ्या कारकुनाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत असतं! तो नऊ वर्षं गप्प बसतो.

शेवट वाचून रडलो. बायकोनं विचारलं, कांदा कापलात का. कारकुनाचा मात्र भयंकर राग आला. लेखकाला गाठून सांगितलं की हे पात्र पटत नाही. इतका नेभळट माणूस असूच शकत नाही. एक आठवडा गप्प बसेल, फार तर दोन. नऊ वर्षं? लेखक म्हणाला, बघू या. लेखकांना वास्तवाचं भान जरा कमीच असतं.

१० फेब्रुवारी

आज लष्करी कोर्टाचा सीन. सकाळी मेकअपरूममध्ये हिरोचे नोंदीचे फोटो काढायला गेलो. तो डोळे मिटून आरशासमोर बसला होता, भूमिकेत शिरत होता. वळायला तयार नाही. मग मी खुर्चीमागे उभा राहिलो आणि आरशात दिसत होता तसा फोटो काढला. डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं स्वच्छ आलं. मेकअपताई म्हणाल्या, अहो, समोरून घ्या. मी म्हणालो, ताई, फोटो तो फोटो. अनुभवानं असे शॉर्टकट सुचतात.

सीन उत्तम झाला. लेफ्टनंट म्हणतो की ती ओळ माझ्या पहाऱ्यानंतर लिहिलेली आहे, शाई बघा. कोणी बघत नाही. शाईचा मुद्दा पुढे नऊ वर्षांनी उपयोगी पडतो. अकरा टेक झाले, अकराही वेळा माझ्या डोळ्यांत पाणी.

१४ फेब्रुवारी

टेलरमास्तरांशी गप्पा झाल्या. बासष्ट वर्षांचे. एकतीस वर्षं सिनेमाचे कपडे शिवतायत आणि पडद्यावर एकदाही नाव नाही. नाव नेहमी वेशभूषाकाराचं येतं, मास्तर मागे. या वेळी दिग्दर्शकसाहेबांनी कबूल केलंय, की मास्तरांचं नाव वेगळं, एकटं येईल. पूर्ण एक पाटी. मास्तर सांगत होते की सुनेनं आत्ताच ठरवलंय, ती पाटी आली की थिएटरात टाळी वाजवायची. त्यांना आत्तापासूनच लाज वाटतेय.

सध्या ते लेफ्टनंटचे चार सारखे कोट शिवतायत, बटणं तोडण्याच्या सीनसाठी. चार कोट म्हणजे चार टेक, पाचवा नाही. प्रत्येक कोटाला आठ बटणं, आणि प्रत्येक बटण कच्च्या टाक्याचं. म्हणजे एकच दोरा, गाठ नाही. ओढलं की निघालं पाहिजे, पण चालताना गळता कामा नये. मास्तर म्हणाले, पक्कं शिवणं सोपं असतं, वहीवाले, कच्चं शिवायला अक्कल लागते.

माझं लोंबणारं बटण त्यांना दिसलं. द्या इकडे, दोन मिनिटांचं काम, म्हणाले. मी नको म्हणालो. स्वतः लावण्याचा संकल्प आहे.

२१ फेब्रुवारी, सकाळी ७

बटणं तोडण्याचा सीन आज. मोठं पटांगण फक्त एका दिवसासाठी मिळालंय. दोनशे माणसं युनिफॉर्ममध्ये, ढोल, घोडे. मी वही घेऊन सज्ज.

२१ फेब्रुवारी, सकाळी ९

बरं झालं मी होतो! मास्तरांनी चारही कोटांवर पदक डावीकडे लावलं होतं. माझ्या फोटोत स्पष्ट दिसतंय, पदक हिरोच्या उजव्या छातीवर. फोटो मास्तरांपुढे धरला. ते म्हणाले, पदक डावीकडेच असतं हो, मी स्वतः लावलंय कोर्टाच्या सीनला. मी म्हणालो, मास्तर, तुमचा हात चुकेल, माझा डोळा चुकेल, फोटो चुकत नाही. ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुमची वही, तुमचा शब्द. कॉलरला टोचलेली सुई काढली आणि पटांगणातच मांडी घालून चारही कोटांचे टाके उसवून पदकं उजवीकडे नेली. वीस मिनिटं लागली.

वहीत नोंद केली: पदक उजवीकडे, फोटोप्रमाणे. हिरव्या पेनानं, खाली रेघ मारून.

आणखी एक चूक पकडली. मेकअपताईंनी भांगही फोटोच्या उलट बाजूला पाडलाय. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, तुम्ही तुमचं पदक सांभाळा. तीही नोंद केली आहे.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी

अप्रतिम! चार कोट, चार टेक. बत्तीस बटणं, एक अडकलं नाही की एक गळलं नाही. दगडी फरशीवर ती पडतानाचा आवाज असा काही होता की घोडेसुद्धा शांत उभे राहिले. दिग्दर्शकसाहेबांनी मास्तरांना मिठी मारली. मला कोणी मारली नाही, पण माझं काम दिसण्याचं नाहीच. चूक दिसली नाही की समजायचं, वहीवाला होता.

२६ फेब्रुवारी, सकाळी

एडिटरचा फोन दिग्दर्शकसाहेबांना. कोर्टात पदक डावीकडे आहे, पटांगणात उजवीकडे. दोन्ही सीन लागोपाठ आहेत. कोर्टाच्या दारातून बाहेर पडता पडता पदक छातीवरून चालत गेलं काय, असं विचारत होता म्हणे. परवा सगळ्यांची बैठक.

मी निर्धास्त आहे. फोटो आहे.

२६ फेब्रुवारी, दुपारी

फोटो पुन्हा नीट पाहिला. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजलेत. मेकअप तर सकाळी नऊला होता. म्हणजे मेकअपरूममधलं घड्याळ बंद आहे. प्रॉडक्शनला तक्रार लिहिली, की घड्याळाचा सेल बदलावा.

२६ फेब्रुवारी, दुपारी ४.३०

मेकअपरूममध्ये जाऊन आलो. घड्याळ चालू आहे. अगदी बरोबर वेळ दाखवतंय.

खुर्चीमागे उभा राहून आरशात बघितलं. आरशात सव्वाचार नव्हते. पावणेआठ होते.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

जेवलो नाही. बायको म्हणाली, अहो, पोट बिघडलंय का. हो म्हणालो.

उद्या सकाळी पहिलं काम, साहेबांना सांगायचं. आरशाचा फोटो, माझी चूक, मास्तर बरोबर होते. तीन वाक्यं आहेत. माणूस मोठा होतो तो चूक कबूल केल्यानं. हे मी मुलीला नेहमी सांगतो.

२७ फेब्रुवारी

साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते. (दहा मिनिटं कँटीनमध्ये होते. मीही होतो.)

वहीतलं ते पान खराब झालं होतं, चहा सांडला होता. म्हणून नवीन पान स्वच्छ लिहून काढलं. (सांडला नव्हता. सांडला मी.) स्वच्छ लिहिताना 'पदक डावीकडे' असं लिहिलं गेलं, कारण खरं तर ते डावीकडेच असायला हवं होतं. म्हणजे नोंद आता जास्त बरोबर आहे. पेन तेच हिरवं घेतलं. आपल्या सिनेमातला मेजर शाईमुळे पकडला जातो. सिनेमातून शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

जुनं पान फाडलं. फेकवेना. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलंय.

२८ फेब्रुवारी

बैठक कुठे घ्यायची, तर कोर्टाच्या सेटवर, कारण खुर्च्या तिथेच होत्या. साहेब नेमके न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले. मास्तर उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नाही, आणि नेमकी ती जागा आरोपीची होती. मला हसू आलं असतं.

साहेबांनी विचारलं, मास्तर, काय झालं. मास्तर म्हणाले, मी डावीकडेच लावलं होतं, वहीवाल्यांनी उजवीकडे करायला सांगितलं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, वही वाच. मी वाचलं. पदक डावीकडे.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो की मास्तरांचं वय झालंय, आणि त्या दिवशी ऊन फार होतं.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मास्तर बासष्ट वर्षांचे आहेत. ऊन होतं. वहीत लिहिलं होतं तेच वाचलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फोटोचं काढतील. काढलं नाही. म्हणाले, वहीत तसं असेल तर मग तसंच असेल. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात ठेवली आणि गेले. मेकअपताई असत्या तर बोलल्या असत्या, पण त्यांचं काम परवाच संपलं आणि त्या दुसऱ्या सिनेमावर गेल्या. मला त्या वेळी हायसं वाटलं. खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिलं.

१ मार्च

मास्तरांना युनिटमधून काढलं. साहेब म्हणाले, चूक झाली असती तर चाललं असतं, पण चूक दुसऱ्यावर ढकलतो म्हणजे काय! ही वृत्ती मला सेटवर नको. सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. वही असावी तर अशी, म्हणाले.

सोमवारी सांगणार. आज त्यांचा मूड नव्हता.

४ मार्च

सोमवार. साहेबांना सर्दी.

७ मार्च

एक नामी युक्ती सुचली! पटांगणाचा अख्खा सीन कॉम्प्युटरवर आरशासारखा उलटा करायचा. पदक आपोआप डावीकडे येईल, चूकच उरणार नाही. चूक नाही म्हणजे गुन्हा नाही, मास्तर परत. सुंठीवाचून खोकला जाईल. एडिटरला गाठलं. त्यानं लगेच करून दाखवलं. पदक डावीकडे आलं. पण दोनशे शिपायांनी एकदम डाव्या हातानं सलाम ठोकला, मेजरनं तलवार डाव्या हातानं मोडली आणि मागच्या फलकावरचा मजकूर उलटा झाला. एडिटर हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. सगळ्यांना बोलावून दाखवलं. मीही हसलो. मोठ्यानं हसलो.

१५ मार्च

मुलीला शाळेत निबंध आहे: माझ्या घरातील प्रामाणिक व्यक्ती. तिनं आईवर लिहिला. मी विचारलं, माझ्यावर का नाही. ती म्हणाली, बाबा, तुमच्याबद्दल लिहायला मला उदाहरण हवं होतं.

पंधरा वर्षांची मुलगी. सहज म्हणाली. मनात काही नसणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला उगीच वाटलं.

२ एप्रिल

कारकुनाचा सीन. नऊ वर्षांनी तो शेवटी तोंड उघडतो, त्याच्या आदल्या दिवसाचा. तो नोंदवही घेऊन बाकावर बसलाय, एवढंच. नटाला जमेना. साहेब वैतागले. इतक्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो. साहेब ओरडले, हलू नकोस! मग नटाला म्हणाले, हे बघ, याच्याकडे बघ. वही कशी छातीशी धरलीय. मान बघ. असं बसायचं.

नटानं दहा मिनिटं माझा अभ्यास केला. मग केलं, आणि पहिल्याच टेकला ओके. टाळ्या पडल्या. नट माझ्याजवळ येऊन म्हणाला, थँक यू, तुम्ही मुद्दाम केलंत ना. मी हो म्हणालो.

३ एप्रिल

कारकून तोंड उघडतो तो सीन. म्हणतो, मला रोज वाटायचं, उद्या सांगू. हे वाक्य स्क्रिप्टमध्ये आधी नव्हतं. लेखकानं काल रात्रीत घातलं म्हणे. माझ्याकडे बघत होता की काय कोण जाणे. नसेल.

आज सांगणारच होतो. पण इतका चांगला सीन झाल्यावर साहेबांचा आनंद घालवणं बरं दिसलं नसतं.

१९ मे

शूटिंग संपलं. जॅकेटचं बटण अजून तसंच. एका दोऱ्यावर आहे.

११ ऑगस्ट

नावांची यादी तपासायला माझ्याकडे आली. सिनेमाच्या सुरुवातीला आणि शेवटी येतात ती सगळी नावं. सगळ्या युनिटमध्ये शुद्धलेखन माझंच, म्हणून. पाच पानं. मास्तरांचं नाव नाही. वेगळी पाटी नाहीच, आणि शेवटच्या बारीक अक्षरांतही नाही.

पेन्सिल हातात होती. वेशभूषेच्या खाली मास्तरांचं नाव लिहिलं. स्पष्ट अक्षरात. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो. फार बरं वाटलं, खोटं का बोला. मग विचार केला, साहेब विचारतील की हे कोणी घातलं. मी म्हणणार मी. ते विचारतील, का. मग सगळंच आलं.

खोडलं. रबराचा चुरा फुंकला. तिसऱ्या पानावर माझ्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो सुधारला.

१२ ऑगस्ट

रात्री नीट झोप नाही. आता त्या कारकुनाचं मला कळतंय. मी लेखकाला म्हणालो होतो की नऊ वर्षं कोण गप्प बसेल. नऊ वर्षं एकदम येतच नाहीत. एकेक दिवस येतो, आणि त्या एका दिवसापुरतं गप्प बसणं काही फार अवघड नसतं.

२० सप्टेंबर

युनिटसाठी पहिला खासगी शो. सगळे सहकुटुंब. पटांगणाचा सीन आला आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. एडिटरनं जवळचे शॉट्स लावून बरंच झाकलंय, पण एका शॉटमध्ये पदक स्वच्छ उजवीकडे आहे. मोठंच्या मोठं, पडद्याच्या मधोमध.

कोणाला कळलं नाही. तीनशे माणसं होती. बायको रडत होती, मुलगी रडत होती, शेजारचा लाइटवाला नाक शिंकरत होता. बाहेर आल्यावर मी मुद्दाम दोघातिघांना विचारलं, पदकाचं काही जाणवलं का. म्हणाले, कुठलं पदक?

ज्या चुकीपायी मास्तर गेले ती कोणाला दिसलीसुद्धा नाही. खरं म्हणजे यानं मला बरं वाटायला हवं होतं.

घरी येताना बायको म्हणाली, तो कारकून मला अगदी तुमच्यासारखा बसलेला वाटला. मी म्हणालो, सगळेच तसे बसतात.

४ ऑक्टोबर

आज मास्तरांच्या घरी गेलो. कबुली द्यायला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून एक पॅन्ट नेली, कमरेत घट्ट होते ती.

एक खोली, खिडकीशी मशीन. सून आतून पाणी घेऊन आली. मला ओळखत नव्हती. मास्तर या म्हणाले, जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. मी म्हणालो, मास्तर, एक बोलायचं होतं. ते म्हणाले, बोला. मी म्हणालो, पॅन्ट जरा सैल करायची होती.

त्यांनी माप घेतलं. दोन इंच वाढलाय, म्हणाले. मन खातं तेव्हा माणूस वाळतो असं ऐकलं होतं. माझं उलटंच.

पॅन्ट उसवता उसवता त्यांनी सांगितलं की सात महिने सिनेमाचं काम नाही. बातमी पोचली आहे ना सगळीकडे, मास्तर चुकतात आणि दुसऱ्यावर ढकलतात. आता हे असं, पॅन्ट सैल करणं, उशांचे अभ्रे. एका दुसऱ्या कंपनीत जुन्या काळाचा सिनेमा निघतोय, युनिफॉर्म शिवायचे आहेत. चौदा तारखेला सकाळी दहाला भेटायला बोलावलंय. त्यांची एकच अट आहे, जुन्या कामावरच्या कोणीतरी येऊन दोन शब्द सांगावेत.

मग मशीन थांबवून म्हणाले, तुम्ही याल का? फार काही नको. जे झालं तेवढं सांगा.

त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कोट शिवणाऱ्या माणसाला आरसा कळणार नाही तर कोणाला? सात महिने त्यांनी कोणाला फोटोचं सांगितलं नाही. मी सांगेन म्हणून वाट बघत होते.

मी म्हणालो, मास्तर, म्हणजे काय! नऊ पंचावन्नला हजर. शब्द देतो. त्यांनी पॅन्टचे पैसे घेतले नाहीत.

१३ ऑक्टोबर

भाषण तयार. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. तीनच वाक्यं आहेत, २६ फेब्रुवारीचीच. सोबत ते फाडलेलं पान न्यायचं. हिरव्या पेनानं 'पदक उजवीकडे, फोटोप्रमाणे'. माझं अक्षर, माझी तारीख. याहून मोठा पुरावा नाही. जॅकेटच्या आतल्या खिशात आहेच.

बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिनं उठून जॅकेटला इस्त्री केली. जा, म्हणाली.

हलकं वाटतंय. उद्यापासून नवा माणूस.

१४ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

कंपनीच्या दारासमोरच चहाचं दुकान आहे. तिथे बसलोय. अर्धा तास आधी! मास्तर बघतील तेव्हा चकित होतील.

९.५०

मास्तर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टेप. टेप कशाला घातली असेल? सवय. दाराशी उभे राहून रस्त्याकडे बघतायत. मी खांबामागे आहे, त्यामुळे दिसत नाही. चहा संपला की उठतो.

१०.००

अजून बघतायत. चहा फार गरम आहे.

१०.०५

आत गेले. हरकत नाही. आधी त्यांचं बोलणं होईल, मग मला बोलावतील. मधेच घुसणं बरं दिसत नाही.

१०.२०

दुसरा चहा. आता गेलो तर उशीर झाला असं वाटेल. उशिरा येणाऱ्या माणसाच्या शब्दाला काय किंमत? त्यापेक्षा उद्या सविस्तर पत्र लिहून पाठवावं. पत्र जास्त ठोस असतं.

दुपारी १, घरी

पावणेअकराला मास्तर बाहेर आले. इकडे तिकडे न बघता सरळ रस्ता ओलांडून दुकानात आले आणि माझ्यासमोर बसले. मी कुठे बसलोय हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी म्हणालो, मास्तर, मी आत्ताच येत होतो.

ते म्हणाले, त्यांनी विचारलं, कोणी आलंय का. मी म्हटलं, यायचे होते एक जण, जमलं नसेल. कळवतो म्हणालेत. मास्तर एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग माझ्या छातीकडे बघत म्हणाले, हे बटण अजून तसंच? कॉलरची सुई काढली, खिशातून दोरा काढला, आणि माझ्या अंगावरच्या अंगावर शिवायला घेतलं. मी हलू शकत नव्हतो. जॅकेटखाली त्यांच्या बोटांना कागद लागला. त्यांनी विचारलं, आत काही आहे का, सुई त्यात जाईल.

मी म्हणालो, काही नाही.

त्यांनी टाके घातले, मागून गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि गेले. मी थँक यू म्हणालो, तेही ते रस्त्यापलीकडे पोचल्यावर.

बायको दारातच उभी होती. विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, उशीर झाला. ती आत गेली.

पक्का टाका आहे. चार वेळा ओढून पाहिलं. निघत नाही.